जाहीरनाम्याचा कर्ता कोण? विज्ञान, मानवी हक्क आणि अर्जेंटिनाच्या आज्या

'विज्ञान : शाप की वरदान?' हा निबंध शाळेत लिहिला नाही असा मराठी माध्यमाचा विद्यार्थी सापडणं कठीण. पहिल्या परिच्छेदात वीज, लस, रेल्वे. दुसऱ्यात हिरोशिमा, प्रदूषण. शेवटी ठरलेलं वाक्य : विज्ञान वाईट नाही, ते कसं वापरायचं हे माणसाच्या हातात आहे. दहापैकी आठ मार्क नक्की.

गंमत अशी की पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये मी पुन्हा तोच निबंध लिहिला. भाषा तेवढी जड केली. 'संशोधनाची सामाजिक उपयुक्तता' या मथळ्याखाली लिहिलं, 'वैज्ञानिक प्रगतीचा वापर शांतता आणि मानवी हक्कांच्या संवर्धनासाठी व्हायला हवा.' वर आधार म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाचा एक जाहीरनामा जोडला. मॅडमनी पेन्सिलने त्या वाक्याखाली रेघ ओढली आणि बाजूला एकच शब्द लिहिला : 'कोणी?'

मला राग आला होता. एवढ्या चांगल्या वाक्याला आक्षेप कसला? पण तो जाहीरनामा पुन्हा नीट वाचायला बसले तेव्हा कळलं की मी तो पहिल्यांदा वाचलाच नव्हता, फक्त उद्धृत केला होता. आपल्यापैकी बरेच जण हे करतात. म्हणून आजच्या लेखात त्या जाहीरनाम्याची चिकित्सा करू या. अधिकृत मजकूर चिकित्सकपणे कसा वाचायचा याचा सरावही त्यातून होईल.

मजकूर काय म्हणतो

१० नोव्हेंबर १९७५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ठराव क्रमांक ३३८४ मंजूर केला. विषय : वैज्ञानिक आणि तांत्रिक प्रगतीचा वापर शांततेच्या आणि मानवजातीच्या हितासाठी करणे. एक प्रस्तावना आणि नऊ कलमं. पाच मिनिटांत वाचून होतो.

त्याची पार्श्वभूमीही लक्षात घ्या. १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यात कलम २७ होतं. वैज्ञानिक प्रगतीत आणि तिच्या फायद्यांत सहभागी होण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, असं ते सांगतं. तिथे कर्ता आहे 'प्रत्येक माणूस'. १९६६ च्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या करारातही, कलम १५ मध्ये, हा हक्क माणसाचाच आहे. मग १९६८ मध्ये तेहरानला मानवी हक्कांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. विज्ञानामुळे मोठ्या शक्यता खुल्या झाल्या आहेत, पण माणसाच्या हक्कांना धोकाही आहे, अशी नोंद तिथे झाली. १९७५ चा जाहीरनामा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे.

त्याची प्रस्तावना म्हणजे आपला शाळेतला निबंधच. विज्ञानामुळे जगणं सुधारतं, पण त्याच विज्ञानाने शस्त्रस्पर्धा वाढू शकते, मुक्तिलढे दडपले जाऊ शकतात, माणसांचे हक्क हिरावले जाऊ शकतात. इथवर कोणाचाच आक्षेप नसणार. खरी गोम कलमांत आहे.

पहिला आक्षेप : नऊ वाक्यं, एकच कर्ता

नऊही कलमांची सुरुवात एकाच शब्दांनी होते : सर्व राज्यांनी. (राज्य म्हणजे इथे महाराष्ट्र किंवा गोवा नव्हे, सार्वभौम देशाची राज्यसंस्था.) सर्व राज्यांनी सहकार्य करावं. सर्व राज्यांनी उपाय योजावेत. सर्व राज्यांनी विज्ञानाचा वापर दुसऱ्या देशावर आक्रमणासाठी करू नये. सर्व राज्यांनी विकसनशील देशांची वैज्ञानिक क्षमता वाढवायला मदत करावी. सर्व राज्यांनी कायदे करावेत. शेवटपर्यंत असंच.

माणूस या कलमांत येतो तो कर्म म्हणून. त्याला फायदा पोचवायचा, त्याचं रक्षण करायचं. संशोधकाला तर स्वतंत्र कर्ता म्हणून जागाच नाही. एखाद्या संशोधकाने 'हे काम मी करणार नाही' म्हटलं तर काय, एखाद्या नागरिकाने 'हा प्रश्न तुम्ही अभ्यासा' अशी मागणी केली तर काय, याबद्दल जाहीरनामा गप्प आहे. १९४८ मध्ये जो माणूस वाक्याचा कर्ता होता, तो १९७५ मध्ये वाक्याच्या शेवटी गेला.

लगेच कोणी म्हणेल, हा व्याकरणाचा किस कशाला पाडायचा? आमसभेत देश बसतात, त्यामुळे देशांना उद्देशूनच लिहिणार. हे उत्तर बरोबर आहे आणि मी ते डावलत नाही. शिवाय दुसऱ्या कलमात मसुदाकारांनी एक प्रामाणिक कबुली दिली आहे : विज्ञानाचा वापर करून हक्कांवर गदा आणली जाते ती विशेषतः राज्याच्याच यंत्रणांकडून, आणि ती रोखायला हवी. म्हणजे धोका कुठून आहे हे त्यांना माहीत होतं.

पण तो रोखायचा कोणी? पुन्हा : सर्व राज्यांनी. म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं तर तक्रार घेऊन जायचं कुंपणाकडे. अंमलबजावणीवर देखरेख ठेवणारी समिती नाही, तक्रारीची सोय नाही. ही अडचण नुसती तर्काची आहे असं वाटत असेल, तर त्यानंतरच्या साडेचार महिन्यांत एका देशात काय झालं ते पाहा.

२४ मार्च १९७६

त्या दिवशी अर्जेंटिनात लष्कराने सत्ता बळकावली. जनरल व्हिदेला यांच्या नेतृत्वाखालची लष्करी राजवट आली आणि १९८३ च्या डिसेंबरपर्यंत लष्कराचंच राज्य राहिलं. या काळात विरोधक, कामगार कार्यकर्ते, विद्यार्थी यांना रात्री उचललं जायचं आणि पुढे त्यांचा पत्ताच लागायचा नाही. 'बेपत्ता' हा शब्द त्या देशात विशेषण राहिला नाही, माणसांचा एक वर्गच झाला. १९८४ च्या अधिकृत चौकशी आयोगाने ८,९६० बेपत्तांची नोंद केली. मानवी हक्क संघटना हा आकडा ३०,००० धरतात.

राजवटीचं विज्ञान-तंत्रज्ञान त्यात सगळीकडे होतं. गुरं हाकायच्या विजेच्या काठीपासून आलेलं छळाचं उपकरण होतं. कैद्यांना गुंगीचं इंजेक्शन देऊन विमानातून समुद्रात टाकलं जात असे. आणि गुप्त छावण्यांमध्ये बाळंतपणं करणारे डॉक्टर होते. पकडलेल्या स्त्रियांपैकी काही गरोदर होत्या. बाळ जन्माला येईपर्यंत त्यांना जिवंत ठेवलं जाई, मग आई 'बेपत्ता' होई आणि बाळ लष्करातल्या किंवा त्यांच्या ओळखीच्या कुटुंबात, खोट्या जन्मदाखल्यासह जाई. काही तान्ही मुलं आईबापांसोबतच पळवली गेली. अशा मुलांची संख्या सुमारे ५०० असावी, असा त्यांच्या आज्यांचा अंदाज आहे.

आता जाहीरनाम्याचं दुसरं कलम इथे लावून पाहा. 'सर्व राज्यांनी' रोखावं. इथे राज्यच अपहरणकर्ता होतं, राज्यच खोटा दाखला देणारं होतं, आणि राज्याचेच डॉक्टर प्रसूतिगृहात होते.

प्रश्न विचारला तो आज्यांनी

१९७७ च्या एप्रिलपासून काही आया ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो या चौकात दर आठवड्याला जमू लागल्या. मुलं कुठे आहेत, एवढाच त्यांचा प्रश्न. त्याच वर्षी त्यांच्यातल्या काही जणींनी वेगळी संघटना काढली : प्लाझा दे मायोच्या आज्या. मुलगी किंवा सून बहुधा परत येणार नाही, पण नातवंड जिवंत आहे आणि कुठेतरी वेगळ्या नावाने वाढतंय, हे त्यांना कळून चुकलं होतं.

समजा, शाळेच्या फाटकाशी एखादी मुलगी दिसली. चेहरा लेकीसारखा आहे. पण न्यायालयात चेहरा चालत नाही. कागद तर राज्याने बनवलेला, त्यात ती दुसऱ्याची मुलगी आहे. आईबाप हयात नाहीत, त्यांचे मृतदेहही नाहीत. मग सिद्ध काय करणार आणि कसं?

वर्तमानपत्रात रक्ततपासणीने पितृत्व ठरवतात असं आज्यांनी वाचलं होतं. त्यातून त्यांनी एक साधा प्रश्न काढला : बाप नसेल तर आजीच्या रक्तावरून ठरवता येईल का? हा प्रश्न घेऊन त्या परदेशी प्रयोगशाळांची दारं ठोठावू लागल्या. १९८२ मध्ये न्यू यॉर्कला व्हिक्टर पेन्चास्झादे भेटले. ते स्वतः अर्जेंटिनातून परागंदा झालेले आनुवंशिकीतज्ज्ञ. त्यांच्याकडून पुढे धागे जुळत गेले आणि प्रश्न कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या मेरी-क्लेअर किंग यांच्यापर्यंत पोचला.

इथे जरा थांबा, कारण संशोधन करणाऱ्यासाठी हीच जागा महत्त्वाची आहे. पितृत्वाची चाचणी तेव्हा होतीच. पण ती ज्या गरजेतून घडली होती त्यात आई हजर असते, मूल हजर असतं आणि संशयित बापही हजर असतो. मधली अख्खी पिढी गायब आहे, असा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, म्हणून त्याचं गणितही कोणी पद्धतशीर मांडलं नव्हतं. ज्ञानातली ही पोकळी लिटरेचर रिव्ह्यू करून सापडलेली नाही. ती चौकात उभ्या राहिलेल्या बायकांनी दाखवली.

गणित काय होतं

संशोधकांनी जे मोजमाप तयार केलं त्याला स्पॅनिशमध्ये आजीपणाचा निर्देशांक अशा अर्थाचं नाव आहे. कल्पना सोपी आहे. पांढऱ्या रक्तपेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. माणसामाणसांत ती फार वेगवेगळी असतात आणि त्यांचा एक संच आईकडून, एक बापाकडून येतो. आजी-आजोबा चार, प्रत्येकाचे दोन संच, म्हणजे एकूण आठ. मूल खरंच या घरातलं असेल तर त्याचा एक संच बापाकडच्या चारांपैकी असलाच पाहिजे आणि दुसरा आईकडच्या चारांपैकी.

आता समजावण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. मुलाचे संच 'क' आणि 'ख'. 'क' संच समाजात शंभरात एक एवढा सापडतो, 'ख' पन्नासात एक. आजी-आजोबांच्या आठ संचांत 'क' बापाच्या बाजूला एकदा आहे आणि 'ख' आईच्या बाजूला एकदा.

मूल याच घरातलं असेल तर 'क' त्याच्यापर्यंत पोचण्याची शक्यता चारात एक, 'ख'चीही चारात एक. दोन्ही मिळून १/१६. मूल या घरातलं नसेल, तर कुठल्याही मुलात 'क-ख' अशी जोडी असण्याची शक्यता २ × १/१०० × १/५०, म्हणजे १/२५००. दोन्हींचं गुणोत्तर काढा : २५०० भागिले १६, म्हणजे सुमारे १५६. मूल या घरातलं असेल तर हा निकाल मिळण्याची शक्यता, ते नसेल तर मिळण्याच्या शक्यतेच्या १५६ पट आहे.

बरेच विद्यार्थी इथेच फसतात. १५६ पट म्हणजे खात्री झाली का? नाही. चाचणीआधी आपल्याला काय माहीत होतं यावर ते अवलंबून आहे. पळवलं गेलं त्या तारखा, वय, शेजाऱ्यांची साक्ष यावरून हे मूल या घरातलं असण्याची शक्यता आधीच निम्मी असेल, तर चाचणीनंतर ती ९९ टक्क्यांच्या वर जाते. पण कसलाही पुरावा नसताना पाचशेतलं एक मूल उचलून तपासलं आणि हाच निकाल आला, तर शक्यता जेमतेम २४ टक्के भरते. प्रयोगशाळेचा कागद तोच, पण अर्थ वेगळा. म्हणून खुणा वाढवाव्या लागतात, आणि म्हणूनच आज्यांनी वर्षानुवर्षं घरोघर फिरून जमवलेली माहिती ही 'भावनिक' बाजू नव्हती, ती गणिताचाच भाग होती.

दुसरी मेख 'शंभरात एक' या आकड्यात आहे. शंभर कोण? युरोपातली माणसं की अर्जेंटिनातली? संदर्भासाठी चुकीचा समाज घेतला तर उत्तरही चुकतं. संख्याशास्त्राच्या पेपरात 'रेफरन्स पॉप्युलेशन' हे दोन मार्कांचं टिपण असतं. इथे त्यावर एका मुलीचं आडनाव ठरणार होतं.

१९८४ च्या डिसेंबरमध्ये आठ वर्षांची एक मुलगी अशा चाचणीच्या आधारे न्यायालयाच्या आदेशाने आजीकडे परतली. चाचण्या ब्युनोस आयर्सच्या दुरांद रुग्णालयात आना मारिया दी लोनार्दो यांच्या विभागात होत. पुढे किंग यांच्या चमूने मायटोकाँड्रियाचा डीएनए वापरात आणला. तो फक्त आईकडून येतो, त्यामुळे आईची आई एकटी हयात असली तरी तुलना करता येते. मर्यादाही लक्षात ठेवा : आईच्या वंशातल्या सगळ्यांचा तो साधारण सारखाच असतो. त्यामुळे 'हे मूल या घरातलं नाही' हे सांगायला तो फार भक्कम, 'आहे' हे सांगायला एकटा पुरेसा नाही.

दुसरा आक्षेप : 'वापर' या शब्दाला

जाहीरनाम्याच्या शीर्षकातच एक गृहीतक दडलेलं आहे. वैज्ञानिक प्रगती आधी होते, तयार होऊन पडते, आणि मग तिचा 'वापर' चांगल्या किंवा वाईट कामासाठी होतो. शाळेतल्या निबंधातही हेच होतं : सुरी तयार आहे, भाजी चिरा नाहीतर गळा चिरा.

अर्जेंटिनाचं उदाहरण या क्रमात बसत नाही. आजीपणाचा निर्देशांक आधी फळीवर तयार नव्हता. हक्काची मागणी आधी आली, तिच्यातून संशोधनाचा प्रश्न तयार झाला, आणि प्रश्नातून विज्ञान पुढे गेलं. १९८४ मध्ये दी लोनार्दो, किंग आणि सहकाऱ्यांनी न्यायवैद्यकाच्या नियतकालिकात जो शोधनिबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात मानवी आनुवंशिकी आणि मानवी हक्क हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. 'उपयुक्तता' म्हणून शेवटी चिकटवलेले नाहीत.

त्याच १९८४ ची दुसरी गोष्ट तुमच्यासाठी, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी, आणखी जवळची आहे. लोकशाही परतल्यावर बेवारस कबरी खणायला सुरुवात झाली, ती बुलडोझरने. हाडं मोडली, एकमेकांत मिसळली, पुरावा गेला. जूनमध्ये अमेरिकेतल्या वैज्ञानिकांचं शिष्टमंडळ आलं. त्यात क्लाइड स्नो हे हाडांवरून ओळख पटवणारे मानववंशशास्त्रज्ञ होते. काम सुरू करायचं तर माणसं हवीत, आणि अनुभवी मंडळी कचरत होती. पुढे आले ते मानववंशशास्त्र, पुरातत्त्व आणि वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी. उत्खननात मातीचा थर कसा सोलायचा, वस्तू जागेवर असताना नोंद कशी करायची, हे पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना येतच होतं. तेच तंत्र त्यांनी कबरीसाठी वापरलं. त्यातून जी संस्था उभी राहिली, अर्जेंटिनाचा न्यायवैद्यक मानववंशशास्त्र चमू, ती पुढे अनेक देशांत काम करू लागली. त्या पोरांना कोणत्या 'सर्व राज्यांनी' पाठवलं नव्हतं.

आता माझ्याच मांडणीवर आक्षेप

इथवर लिहून मी खूश होते. जाहीरनामा पोकळ, आज्या थोर, प्रकरण संपलं. मॅडमनी पुन्हा विचारलं, 'मग जनुकीय बँक कोणाची आहे?'

आणि इथे माझी मांडणी डगमगते. १९८७ मध्ये अर्जेंटिनात कायदा करून राष्ट्रीय जनुकीय माहिती बँक स्थापन झाली. मागणी आज्यांचीच होती. त्यांचं वय होत चाललं होतं, आपण गेल्यावर नातवंड सापडलं तर तुलना कशाशी करणार, म्हणून रक्ताचे नमुने जपून ठेवणं गरजेचं होतं. ते शेवटी केलं कोणी? राज्याने. ज्या राज्याने मुलं पळवली त्याच राज्याच्या कपाटात आज्यांनी आपलं रक्त ठेवलं. राज्याला वगळून हा प्रश्न सुटला नसता. १९८६ आणि १९८७ च्या कायद्यांनी लष्करी अधिकाऱ्यांवरचे बहुतेक खटले बंद झाले, पण मुलं पळवण्याचा गुन्हा त्या माफीत नव्हता. त्या एका फटीतून खटले चालू राहिले, आणि २०१२ मध्ये बालकांच्या पद्धतशीर अपहरणासाठी व्हिदेला यांना ५० वर्षांची शिक्षा झाली. न्यायालयही राज्याचंच अंग.

तेव्हा 'राज्य वाईट, लोक चांगले' हा निष्कर्षही 'शाप की वरदान'चाच दुसरा प्रकार ठरतो.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. मुलं मोठी झाली. त्यांतल्या काहींना तपासणी नको होती. ज्यांनी वाढवलं त्यांच्यावर जीव होता आणि आपलंच रक्त त्यांना तुरुंगात पाठवील याची धास्ती होती. आजीचा सत्याचा हक्क आणि नातीचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क समोरासमोर आले. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सज्ञान व्यक्तीचं रक्त तिच्या इच्छेविरुद्ध काढता येणार नाही. २००९ मध्ये त्याच न्यायालयाने मधला मार्ग धरला : शरीराला हात न लावता टूथब्रश, कपडे अशा वस्तूंवरून डीएनए घेता येईल. त्याच वर्षी संसदेनेही तसा कायदा केला. हा मार्ग पटतो का? मला अजून पूर्ण पटलेला नाही. टूथब्रश माझा, पण त्यातून निघणारं सत्य कोणाचं?

आता परत जाहीरनाम्याकडे जाऊ. त्याच्या सहाव्या कलमात म्हटलंय की विज्ञानाच्या गैरवापरापासून माणसाची खासगी बाब आणि त्याची शारीरिक, बौद्धिक अखंडता जपली पाहिजे. १९७५ मध्ये डीएनए चाचणी नव्हती, तरी हा विचार मसुद्यात आला होता. २००३ चा पेच ज्या मूल्यांभोवती होता ती या कलमात आधीच शब्दबद्ध आहेत. म्हणजे मी ज्या मजकुराला पोकळ म्हणत होते त्यात एक भरीव जागा होती. चिकित्सा करायची म्हणजे हेही लिहायचं.

आज्यांनीही कागदाला कमी लेखलं नाही. १९८९ च्या बालहक्क करारात ओळख जपण्याच्या हक्काचं कलम ८ आलं, त्यामागे त्यांचा रेटा होता. फरक एवढाच की तो कागद एका अनुभवातून लिहिला गेला. त्यात कर्म नाही, हक्कदार मूल आहे.

मग असा मजकूर वाचायचा कसा

माझ्या वहीत आता चार प्रश्न लिहिलेले आहेत. धोरण, जाहीरनामा, निधी देणाऱ्या संस्थेचं पत्रक, काहीही वाचताना ते कामी येतात.

एक, क्रियापदाचा कर्ता कोण? 'व्हायला हवं', 'केलं जावं' अशी वाक्यं दिसली की पेन्सिल काढा. कर्त्याशिवायच्या वाक्यात जबाबदारीलाही मालक नसतो.

दोन, प्रश्न कोणाच्या गरजेतून आला? संशोधनाचा विषय ठरवताना टेबलावर कोण होतं आणि दाराबाहेर कोण होतं?

तीन, माहिती कोणाकडे राहणार आणि कशापुरती? २००९ च्या सुधारणेने अर्जेंटिनाच्या बँकेचं काम १० डिसेंबर १९८३ पूर्वी सुरू झालेल्या मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांपुरतं आखून दिलं. हेतूला मर्यादा आहे. आपल्याकडे डीएनए तंत्रज्ञानाचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. पुन्हा कधी आलं तर बातमीचा मथळा वाचून थांबू नका. हेतूचं कलम शोधा, आणि नमुना नष्ट कधी करायचा हे सांगणारं कलम शोधा.

चार, नाही म्हणता येतं का? ज्याच्या भल्यासाठी विज्ञान वापरायचं आहे, त्याला नकार द्यायची जागा त्या मजकुरात आहे का? असेल तर तो नकार कोण ऐकणार?

आज्यांनी आतापर्यंत १३० हून अधिक नातवंडांची ओळख शोधून काढली आहे. संघटनेच्या अध्यक्षा एस्तेला दे कार्लोत्तो यांचा स्वतःचा नातू २०१४ मध्ये सापडला, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. आपल्या ओळखीबद्दल शंका आली म्हणून तो स्वतःहून तपासणीला आला होता. उरलेली नातवंडं आता पन्नाशीच्या आसपास आहेत. शोध चालूच आहे, आणि आता काहींच्या बाबतीत नातवंडांची मुलंही तपासणीला येतील असं आज्या धरून चालतात.

माझ्या सिनॉप्सिसमधलं ते वाक्य मी बदललं. आधी होतं, 'वैज्ञानिक प्रगतीचा वापर शांतता आणि मानवी हक्कांच्या संवर्धनासाठी व्हायला हवा.' आता आहे, 'बेपत्ता व्यक्तींच्या कुटुंबीयांनी विचारलेल्या प्रश्नांमुळे आनुवंशिकीची पद्धत कशी बदलली आणि त्या बदलावर ताबा कोणाचा राहिला, हे मी तपासणार आहे.' वाक्य तितकंसं भारदस्त नाही. पण 'कोणी?' असं विचारलं तर उत्तर देता येतं. तुमच्या सिनॉप्सिसमधला 'सामाजिक उपयुक्तता' हा परिच्छेद काढा आणि एकदा वाचून बघा. त्यात कर्ता सापडतोय का?